रंग दिला की वर्षभरात पुन्हा पोपडे: बाहेरच्या भिंतीचा दोष शोधायचा कसा

भिंत खरवडली, खड्डे भरले, प्रायमर मारला, चांगल्यातल्या रंगाचे दोन हात दिले. पुढचा पाऊस सरतो न सरतो तोच त्याच जागी पुन्हा पोपडे. मग प्रश्न येतो, "कोणत्या कंपनीचा रंग घ्यावा?" माझ्या मते हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा. एकाच डब्यातला रंग तीन भिंतींवर धडधाकट राहतो आणि चौथीवर सुटतो, तेव्हा डब्याला दोष देऊन काय उपयोग?

ऊन-पावसाने रंग फिका पडतो, पिठूळ होतो, झिजत जातो. पण आख्खा पोपडा धरून तो सुटतो, त्याला मुख्य कारणं दोनच. एक तर मागून पाण्याने त्याला ढकललं, नाहीतर मुळात त्याने भिंतीला धरलंच नव्हतं. दोन्हींचे उपाय अगदी वेगळे आहेत, आणि घरच्या घरी रंग देणारे बहुतेक जण नेमका हा निवाडा न करताच पत्रा हातात घेऊन खरवडायला लागतात. खरवडलं की पुरावाही गेला.

पोपडा उलटा करून पाहा

सुटत आलेला एखादा पोपडा कटरच्या पात्याने मोडू न देता अलगद उचला आणि त्याची मागची बाजू उजेडात धरा. भिंतीच्या वेगवेगळ्या जागांवरून असे चार-पाच काढा. ते कुठून काढले हे लक्षात ठेवा, कारण एकाच घरात दोन-तीन वेगळे दोष असणं अगदी नेहमीचं आहे.

मागे वाळूचे कण किंवा प्लास्टरची खपली चिकटून आली असेल तर रंगाने त्याचं काम चोख केलंय, प्लास्टरच भुसभुशीत आहे. उघड्या जागेवर खिळ्याने ओरखडा काढा. भरभर वाळू झडली, किंवा पत्र्याच्या मुठीने ठोकल्यावर बद्द, पोकळ आवाज आला, तर तेवढं प्लास्टर उतरवून नव्याने करावं लागेल. त्यावर कितीही भारी प्रायमर मारा, तो वाळूच्या झडणाऱ्या कणांनाच चिकटणार.

मागे पांढरी भुकटी असेल तर ती बोटांत चोळा. ती दोन प्रकारची असते. चमचाभर पाण्यात चिमूटभर टाका. विरघळली तर तो लोणा, म्हणजे भिंतीतले क्षार पाण्याबरोबर पृष्ठभागाशी आले आणि पाणी उडाल्यावर तिथेच स्फटिक होऊन बसले. तळाशी गाळ बसला तर बहुधा जुना चुना, सिमेंट पेंट किंवा पुट्टीची धूळ. लोणा म्हणजे भिंतीत ओल आहेच. नुसती धूळ असेल तर ओल असेलच असं नाही, पण नवा रंग धुळीवर दिला गेला एवढं नक्की.

मागची बाजू स्वच्छ आणि गुळगुळीत असेल, आणि भिंतीवर जुना रंग जसाच्या तसा दिसत असेल, तर दोन थरांचं आपसात जमलेलं नाही. खालचा रंग तुकतुकीत ऑइलपेंट असेल आणि त्याला पॉलिश पेपर लागला नसेल तर हमखास असं होतं. मागे हिरवट-काळा मळ दिसला तर शेवाळावरच रंग चढवलाय.

पोपड्यांऐवजी फुगे असतील तर एक फुगा कापून आत पाहा. आत थेट प्लास्टर दिसलं आणि बोटाला गारवा लागला तर ओल मागून येतेय. आत जुना रंग कोरडा ठणठणीत दिसला तर वरचा हात बहुधा तापलेल्या भिंतीवर दिला गेला होता. वरची साय आधी वाळली आणि खालची वाफ अडकली.

मग जागा पाहा

आता भिंतीपासून लांब जा, सगळी बाजू एका फोटोत घ्या आणि सुटलेल्या जागा त्यावर खुणेने दाखवा. जवळून सगळे पोपडे सारखेच दिसतात, लांबून त्यांना आकार येतो.

संपूर्ण भिंतीवर सारखंच सुटलं असेल तर ओलीच्या मागे लागू नका, दोष पृष्ठभागाच्या तयारीत किंवा रंगाच्या जाडीत आहे. खिडकीच्या दोन्ही खालच्या कोपऱ्यांपासून मिशांसारखे ओघळ उतरले असतील तर खिडकीच्या सिलला बाहेरच्या बाजूला उतार नाही, किंवा तिची कड भिंतीच्या पुढे आलेली नाही. छज्जाच्या खालच्या बाजूचा रंग गेला असेल तर छज्जाच्या पुढच्या कडेला, तळाच्या बाजूने, पाणी तोडणारी खाच आहे का ते बघा. ती नसेल किंवा आधीच्या रंगाने आणि पुट्टीने बुजली असेल, तर पाणी कडेवरून थेंब होऊन न पडता पोटाने सरकत भिंतीपर्यंत येतं. ही खाच मोकळी करायला फारसा वेळ लागत नाही, आणि तिने वाचवलेल्या भिंती मी पाहिल्या आहेत.

वरच्या टोकाला, गच्चीच्या कठड्याखाली सुटलं असेल तर कठड्याचा माथा तपासा. तिथे आडव्या बारीक चिरा असतात, आणि माथ्याचा उतार गच्चीकडे नसून बाहेर असला तर सगळं पाणी भिंतीवरून ओघळतं. भिंतीच्या मधोमध एकच गोल चट्टा असेल तर आतल्या बाजूला काय आहे ते आधी पाहा. न्हाणीघर किंवा पाण्याचा पाइप निघाला तर रंगकामाला तिथेच थांबवा. आणि सरळ उभी-आडवी रेघ धरून सुटलं असेल तर ती काँक्रीटचा कॉलम किंवा बीम आणि विटांचं बांधकाम यांच्यातला सांधा असण्याची शक्यता दाट. दोन्ही उन्हाने वेगवेगळे फुगतात-आकसतात, सांधा उघडतो, आणि त्यातून पाणी आत जातं.

पाणी नेमकं कुठून शिरतंय ते कळत नसेल तर पाइपने पाणी सोडून पाहता येतं, पण खालून वर. आधी फक्त खालच्या पट्ट्यावर बराच वेळ हलकं पाणी सोडा, आत ओल उमटते का बघा, मग एकेक पट्टा वर सरका. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडेच पोचतं आणि काहीच कळत नाही.

जमिनीलगतचा पट्टा

सगळ्यात जास्त रंग वाया जातो तो इथे, म्हणून याच्यावर जरा थांबतो.

जोत्यालगत रंग सुटण्याचे दोन प्रकार आहेत. पहिला, पावसाचं पाणी फरशीवर आपटून उडणाऱ्या शिंतोड्यांचा. तिथे मातीचे ठिपके दिसतात, सुटलेली पट्टी साधारण गुडघ्याखालीच असते आणि कोरड्या दिवसांत भिंत खरोखर कोरडी होते. दुसरा, जमिनीतून वर चढणाऱ्या ओलीचा. ही ओल विटांच्या बारीक छिद्रांतून वर चढते, साधारण मीटरभर उंचीच्या आत थांबते, आणि जिथे थांबते तिथे क्षारांची नागमोडी, आडवी रेघ सोडते. पाऊस नसतानाही ही रेघ ताजी होत राहिली तर समजा की पाणी जमिनीतून येतंय.

दुसऱ्या प्रकारात आधी पायाशी काय साचलंय ते पाहा. बागेची माती, नवी फरशी, वाफा किंवा कुंड्यांची रांग यांमुळे बाहेरची पातळी जोत्यातल्या ओलरोधक थराच्या वर गेली असेल तर तो थर असून नसल्यासारखा. माती खाली उतरवा, पाणी भिंतीपासून दूर वाहील असा उतार द्या. काही घरांची तक्रार एवढ्यावरच मिटते.

ओल आहे की नाही हे हात लावून ठरवू नका, गार भिंत ओली वाटते. जाडसर पारदर्शक प्लास्टिकचा साधारण ४५ बाय ४५ सेंटिमीटरचा तुकडा घ्या, चारही कडा टेपने हवाबंद चिकटवा आणि थेट ऊन लागत नसलेल्या जागी किमान १६ तास ठेवा. काढताना बघा: आतल्या बाजूला थेंब किंवा खालची भिंत काळपट झालेली असेल तर पाणी भिंतीतून येतंय. थेंब बाहेरच्या बाजूला असतील तर ते हवेतलं दव. काँक्रीटसाठी वापरात असलेली ही जुनीच चाचणी आहे आणि प्लास्टरवरही तिचा अंदाज कामाचा ठरतो.

आता सगळ्यांना न आवडणारी गोष्ट. पाण्याचा स्रोत बंद केला म्हणजे भिंत कोरडी झाली असं नव्हे. जाणकारांचा ठोकताळा असा की भिंत दर महिन्याला साधारण २५ मिलिमीटर जाडी या वेगाने वाळते. म्हणजे २३० मिलिमीटरची विटांची भिंत पुरती भिजली असेल तर तिला नऊ महिनेही लागू शकतात. गळती काढल्यावर आठवड्याभरात रंग देणाऱ्यांना पुन्हा पोपडे दिसतात ते यामुळेच, आणि मग ते गळती काढणाऱ्याला बोल लावतात. माझा सल्ला: तेवढा पट्टा खरवडून एक कोरडा हंगाम उघडा ठेवा. दिसायला वाईट दिसतो, पण त्याने भिंत वाळते. अगदीच थांबणं शक्य नसेल तर त्या पट्ट्यावर वाफ बाहेर सोडणारा चुन्याचा किंवा सिलिकेट प्रकारचा रंग द्या. रबरासारखा ताणणारा जाड वॉटरप्रूफ रंग मात्र मागून ओल्या भिंतीवर चुकूनही देऊ नका. तो बाहेरचं पाणी अडवतो तसंच आतलंही अडवतो, आणि पुढच्या उन्हाळ्यात भलेमोठे फुगे धरतो.

लोणा काढताना पाणी मारू नका. पाण्यात तो विरघळतो आणि परत भिंतीत जातो. कोरड्या ब्रशने झाडा, खाली कागद पसरा आणि पडलेली भुकटी उचलून लांब टाका. भिंतीच्या पायाशी पडू दिली तर तीच पुन्हा वर चढेल. काही दिवसांनी परत येईल, परत झाडा. येणं थांबलं की भिंत वाळत आली असं धरायला हरकत नाही.

धूळ, शेवाळ आणि पुट्टी

भिंत कोरडी निघाली तर दोष पृष्ठभागात शोधायचा. गडद रंगाचं फडकं भिंतीवर जोरात घासा. ते पांढरं झालं तर भिंत पिठूळ आहे. जुन्या चुन्यावर किंवा सिमेंट पेंटवर इमल्शन, म्हणजे पाण्यातला रंग, दिला की हेच होतं: रंग भुकटीला चिकटतो, भुकटी भिंतीला धरून नसते. तारेच्या ब्रशने घासा, धुवा, वाळू द्या, पुन्हा फडकं मारा. तरीही थोडी भुकटी राहिलीच तर आत मुरून पृष्ठभाग बांधणारा पातळ प्रायमर लागतो. नेहमीचा जाड पांढरा प्रायमर वरच राहतो. प्रेशर वॉशर वापरणार असाल तर झोत भेगांमध्ये आणि खिडक्यांच्या सांध्यांत रोखू नका, आणि धुतल्यानंतर वाळायला ऐसपैस दिवस द्या.

काळे डाग धुळीचे की शेवाळ-बुरशीचे हे ओळखायला कपडे धुण्याच्या ब्लीचचा एक थेंब पुरे. मिनिटा-दोन मिनिटांत डाग फिका पडला तर ती सजीव वाढ, तसाच राहिला तर धूळ. वाढ असेल तर एक भाग ब्लीच, तीन भाग पाणी असं मिश्रण लावून १५-२० मिनिटं भिजू द्या, घासा आणि भरपूर पाण्याने धुवा. हातमोजे आणि चष्मा हवाच, खालची झाडं झाका. ब्लीचमध्ये अॅसिड किंवा अमोनियाचं क्लीनर कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो. नुसतं घासून शेवाळ जातं असं वाटतं, पण मुळं राहतात आणि नव्या रंगातून वर येतात.

पुट्टीबद्दल माझं मत जरा कडक आहे. बाहेरच्या भिंतीवर सगळीकडे पुट्टी ओढायची गरजच नसते. आतल्या भिंतीसारखा गुळगुळीतपणा बाहेर कोण बघतो? जितका जाड पुट्टीचा थर, तितकी सुटायला आणखी एक जागा. खड्डे आणि ओरखडे भरायचे तर पांढऱ्या सिमेंटची, बाहेर चालणारी पुट्टी पातळ थरात भरा. पिओपी किंवा आतल्या भिंतीची अॅक्रिलिक पुट्टी बाहेर वापरली असेल तर ती पूर्ण काढा. पिओपी म्हणजे जिप्सम, पाण्याने ते मऊ पडतं. पोपड्याच्या मागे खडूसारखा ओलसर, नखाने उकरता येणारा पांढरा थर दिसला तर गुन्हेगार तोच.

भेगा

भेग भरली आणि तिथेच पुन्हा उघडली, तर ती हलती आहे. भरण्याआधी भेगेच्या दोन्ही टोकांशी पेन्सिलने आडवी रेघ काढून तारीख लिहा आणि दोन्ही काठांवर समोरासमोर ठिपके देऊन त्यांच्यामधलं अंतर मोजून ठेवा. ऊन-पावसाचा एक फेरा गेल्यावर टोकं पुढे सरकली किंवा अंतर बदललं तर कडक भराव तिथे टिकणार नाही. भेग इंग्रजी व्ही आकारात रुंद करा, आतली धूळ ब्रशने काढा आणि ताणली जाणारी, वरून रंग घेणारी क्रॅक फिलर भरा. साधं सिलिकॉन सीलंट घेऊ नका, त्यावर रंगच धरत नाही. कॉलम-विटांच्या सांध्यावर मात्र नुसतं भरून भागत नाही. दोन्ही बाजूंना पुरेशी पसरलेली जाळी बसवून तेवढं प्लास्टर नव्याने करणं हाच टिकाऊ इलाज. केसाएवढ्या बारीक, स्थिर भेगांना चांगला प्रायमर आणि रंगाचे दोन भरघोस हात पुरतात, त्यांच्यासाठी जिवाचं रान करू नका.

रंग देतानाचे दोष

नवं प्लास्टर असेल तर किमान २८ दिवस जाऊ द्या. ताज्या सिमेंटचा क्षारपणा इतका तीव्र असतो की ऑइलपेंटमधल्या तेलाचा अक्षरशः साबण होतो आणि थर चिकट, मऊ पडून सुटतो. पाण्यातल्या रंगांवरही फिकट चट्टे उमटू शकतात. हा क्षारपणा सहन करणारा प्रायमर यासाठीच असतो.

पाणी किती घातलं हे नंतर विचारलं तर कुणालाच सांगता येत नाही, पण हिशेबाने कळतं. डब्यावर दोन हातांसाठी लिटरमागे किती जागा होते ते छापलेलं असतं. तुमच्या भिंतीचं क्षेत्रफळ काढा, किती लिटर लागायला हवे होते आणि किती संपले ते पाहा. अपेक्षेपेक्षा बराच कमी रंग लागला असेल तर आनंद मानू नका, थर पातळ बसलाय. ठरलेल्या मापाच्या भांड्यानेच पाणी घाला, "सरसर चालेल इतकं" हे माप नव्हे.

तापलेल्या भिंतीवर रोलर फिरवू नका. सावलीच्या मागे मागे जा: पश्चिमेची भिंत सकाळी, पूर्वेची दुपारनंतर. हवा साधारण १० ते ३५ अंश सेल्सिअसमध्ये असावी, आणि दव पडायच्या दोन-तीन तास आधी काम थांबवावं. उशिरा दिलेल्या रंगावर दव पडलं तर दुसऱ्या दिवशी चिकट, तपकिरी-चकचकीत ओघळ दिसतात. ते पाहून लोक घाबरतात आणि भिंत पुन्हा रंगवायला घेतात. तसं करू नका. रंगातले पाण्यात विरघळणारे घटक वर आलेले असतात. साध्या पाण्याने हलक्या हाताने धुवा किंवा एखाद्या पावसाची वाट पाहा, जातात.

सगळी भिंत रंगवण्याआधी एका कोपऱ्यात नमुना करून पाहा. जशी तयारी करणार तशीच करा, प्रायमर आणि दोन हात द्या, आठवडाभर वाळू द्या. मग कटरने प्लास्टरपर्यंत जाणारी फुली मारा, त्यावर रुंद टेप घट्ट दाबा आणि झटक्यात ओढा. टेपला रंग आला नाही तर निघा पुढे. रंगाच्या मागे भुकटी आली तर तयारी अपुरी आहे. एका कोपऱ्यात कळलेलं हे अख्ख्या घरावर कळण्यापेक्षा स्वस्त पडतं.

खूप जुन्या घरात, विशेषतः ऑइलपेंटच्या जुन्या थरांत, शिसं असू शकतं. तिथे कोरडं घासू नका, पाणी शिंपडून खरवडा, धुळीचा मास्क लावा, पोपडे गोळा करून घ्या आणि मुलांना त्या बाजूला फिरकू देऊ नका. शिडीचा पाय भिंतीपासून उंचीच्या चौथ्या हिश्शाइतका लांब असू द्या. शिडीवरून बाजूला वाकून रोलर पोचवायचा मोह झाला तर खाली उतरा आणि शिडी सरकवा. दुसऱ्या मजल्याच्या वरच्या कामाला शिडी नव्हे, नीट बांधलेली परांची हवी. विजेच्या तारा जवळून जात असतील तर ते काम स्वतः करू नका.

आणखी तीन ठिकाणी रंगाचा डबा बाजूला ठेवून जाणकाराला बोलवा. काँक्रीटच्या कडेला गंजाचे तपकिरी डाग आणि फुगून आलेल्या खपल्या, म्हणजे आतली सळई गंजून फुगतेय. भेगेत पेन्सिल शिरते किंवा भेगेच्या दोन कडा एका पातळीत नाहीत, म्हणजे इमारत हलली आहे. आणि डोक्याच्या वर मोठ्या भागात बद्द आवाज देणारं प्लास्टर, ते तुमच्या पत्र्याच्या एका टोल्याने चादरीसारखं खाली येऊ शकतं.